इंजिन उघडण्याआधी व्होल्टमीटर लावा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझ्याकडे दोन सिलिंडरची, लिक्विड-कूल्ड टुरिंग मोटरसायकल आहे. नवी घेऊन नऊ वर्षं झाली. ८६ हजार किलोमीटर झालेत, त्यातले बहुतेक बायकोला मागे बसवून केलेल्या लांबच्या प्रवासांचे. तीन वर्षांपूर्वी दोन जादा हॅलोजन दिवे आणि गरम होणाऱ्या हँडलग्रिप लावून घेतल्या. गेल्या वर्षी रात्री परतताना आधी मीटरचे दिवे मंदावले, मग ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागला आणि थोड्या वेळाने इंजिनच बंद पडलं. चार तास रस्त्याकडेला काढले. नवी बॅटरी बसवल्यावर गाडी सुरू झाली, पण तेव्हापासून लांब जायची हिंमत होत नाही. रविवारी पाच-सात किलोमीटरची फेरी मारतो, तेवढंच. आता थंड गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड येते आणि अधूनमधून ऑइल टाकावं लागतं. मेकॅनिक म्हणतो, "रनिंग खूप झालंय, इंजिनचं काम करून घ्या." मित्र म्हणतात, "लाख किलोमीटर व्हायच्या आत विकून मोकळा हो." बायको म्हणते, "जी गाडी रस्त्यात सोडते तिच्यावर मी पुन्हा बसणार नाही." इंजिन उघडू, गाडी विकू की नवी घेऊ?

नमस्कार,

तुमच्या मूळ पत्रात इंजिनाबद्दल दीड पान आहे आणि त्या रात्रीबद्दल जेमतेम चार ओळी. मला त्या चार ओळींमध्ये जास्त सापडलं.

आधी दिवे मंदावले, मग एबीएसचा दिवा, मग इंजिन बंद. हा क्रम इंजिन खराब झाल्याचा नाही. इंजिनाच्या आत काही तुटलं किंवा जाम झालं, तर हेडलाइट अगदी शेवटपर्यंत लख्ख जळत राहतो. तुमच्याकडे उलटं झालं. व्होल्टेज हळूहळू उतरत गेलं, एबीएसच्या कंट्रोलरला ते पुरेनासं झालं म्हणून त्याने दिवा लावला, आणि शेवटी इंधन पंप आणि इग्निशनलाही वीज मिळेना. म्हणजे गाडी बराच वेळ फक्त बॅटरीवर चालत होती. बॅटरी भरण्याचं काम ज्याचं, त्याने ते केव्हाच सोडून दिलं होतं.

मग गॅरेजमध्ये काय झालं? रिकामी झालेली बॅटरी काढून भरलेली बसवली. गाडी सुरू झाली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण जुनी बॅटरी रिकामी का झाली, हे कोणी पाहिल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तसं असेल तर ज्या बिघाडाने तुम्हाला रस्त्यात बसवलं तो आजही गाडीत जसाच्या तसा असण्याची दाट शक्यता आहे, आणि तुम्ही इंजिनावर भलामोठा खर्च करून आलात तरी तो तिथेच राहील. म्हणून 'उघडू की विकू' याआधी हा हिशेब मिटवू.

एक मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट किंवा थोडं वर दिसायला हवं. इंजिन सुरू करून चार-पाच हजार आरपीएमवर धरलं की साधारण १३.८ ते १४.५. आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीकडे जाणारी वीज आवरणारा भाग, व्होल्टेज आवरत नाही. १३ च्या खालीच राहत असेल तर चार्जिंग होत नाही. ही मोजणी एकदा थंड इंजिनावर करा आणि एकदा तासभर चालवून आल्या आल्या, इंजिन गरम असताना. दुसरी मोजणी जास्त महत्त्वाची. रेग्युलेटर-रेक्टिफायर पुष्कळदा तापल्यावरच दगा देतो. थंड असताना अगदी शहाण्यासारखा वागतो. रविवारच्या पाच किलोमीटरमध्ये तो तापतच नाही, त्यामुळे वर्षभर गाडी 'ठीक' वाटत राहिली यात मला नवल नाही.

गरम असताना आकडा पडला, तर दोष स्टेटरचा (इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणाऱ्या भागाचा) की रेग्युलेटरचा हे घरी ओळखता येतं. स्टेटरकडून तीन वायर येतात, बहुतेक गाड्यांत एकाच रंगाच्या. त्यांचं सॉकेट सोडवा, इंजिन सुरू करा, मीटर एसीवर ठेवा आणि दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत आणि आरपीएमबरोबर वाढायला हवेत. (हे व्होल्टेज बरंच चढतं, तेव्हा उघड्या टोकांना बोटं लावू नका.) मग इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि चॅसी यांच्यात कंटिन्यूइटी (वीज आरपार जाते का) तपासा. मीटर वाजला तर स्टेटरचं वाइंडिंग आतून जळून चॅसीला टेकलंय. स्टेटर ठीक निघाला आणि तरीही बॅटरीपर्यंत काही पोचत नसेल, तर रेग्युलेटर किंवा मधली जोडणी. ते सॉकेट हातात आहेच तर त्याकडे नीट बघा. प्लास्टिक तपकिरी पडलंय, पिना काळ्या झाल्यात, एखादी अर्धवट वितळलीय? जुन्या टुरिंग गाड्यांत हे एवढंसं सॉकेट स्टेटर आणि रेग्युलेटर दोघांनाही खाऊन बसतं, आणि बदलताना लोक दोघांना बदलतात, सॉकेट तेच ठेवतात.

आता तुमचे जादा दिवे. हॅलोजनचे ५५-५५ वॅटचे दोन म्हणजे ११० वॅट, त्यावर गरम ग्रिप. स्टेटर ठरावीकच वीज बनवतो आणि आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न पिळता इंजिन नुसतं चालू असताना, तर त्याहून बरीच कमी. गाडीचा स्वतःचा खर्च वजा जाता उरतं ते तुमचं, आणि मधल्या आकाराच्या टुरिंग गाडीत ते फार नसतं. दिवे हवेत तर एलईडी लावा. तेवढ्याच उजेडाला बराच कमी वॅट लागतो. बॅटरीचं व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर हँडलजवळ बसवा. तो त्या रात्री असता तर दिवे मंदावण्याच्या खूप आधी तुम्हाला कळलं असतं आणि उजेडाच्या, माणसांच्या ठिकाणी थांबता आलं असतं.

इथवर इंजिनाला हातही लावलेला नाही.

पुढचं जरा टोचेल. त्या रात्रीनंतर गाडीला जपायचं म्हणून तुम्ही ती फक्त रविवारी थोडी फिरवता. टुरिंग इंजिनाला यापेक्षा वाईट दिनक्रम शोधून सापडणार नाही. पाच-सात किलोमीटरमध्ये कूलंट गरम होतं, काटा मधोमध येतो, आणि आपल्याला वाटतं इंजिन तापलं. ऑइल तापायला याहून बराच वेळ लागतो. पेट्रोल जळताना वाफ तयार होते. त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांना चुकवून इंजिनाच्या खालच्या पेटीत, क्रँककेसमध्ये, उतरते आणि थंड भिंतींवर पाणी होऊन बसते. थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळतं, त्यातलंही काही ऑइलमध्ये मिसळतं. लांब चालवलं की दोन्ही उडून जातात, छोट्या फेरीत साठत राहतात. ऑइलच्या काचेत किंवा झाकणाच्या आत दुधाळ साय दिसतेय का, बघा. दिसली तर लगेच हेड गॅस्केट (हेड आणि सिलिंडर यांच्यामधलं सील) गेलं म्हणून घाबरू नका. आधी ऑइल बदला, गाडी तासभर चालवा आणि पुन्हा बघा. पुन्हा आली आणि कूलंटची पातळीही उतरत असेल, तर मग काळजीचं.

या मिसळलेल्या पेट्रोलची आणखी एक गंमत आहे. ते ऑइलची पातळी फुगवून ठेवतं. महिनोन् महिने पातळी हलत नाही, माणूस खुशीत असतो; एक दिवस लांब जातो, पेट्रोल उडतं, पातळी एकदम खाली येते आणि वाटतं इंजिनाने एका दिवसात अर्धा लिटर ऑइल प्यायलं. तेव्हा तुम्ही लिहिलेलं 'अधूनमधून टाकावं लागतं' हे मोजमाप माझ्या काही उपयोगाचं नाही. किती? किती किलोमीटरला? गाडी सरळ उभी करून बघता की साइड स्टँडवर? थंड की गरम? मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनाची जी पद्धत दिलीय ती शब्दशः पाळा. काही इंजिनांत, विशेषतः ड्राय संप (ऑइलची वेगळी टाकी) असलेल्यांत, ऑइल थंडपणी बघितलं तर हमखास कमी दिसतं. माणूस वर ओततो, ते प्रमाणाबाहेर जातं, ब्रीदरच्या नळीतून एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या पेटीत, चढतं आणि जळतं. पातळी उतरते, माणूस पुन्हा ओततो. असलं 'ऑइल पिणारं' इंजिन रिंगा बदलून बरं होत नाही. एअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साचलंय का, हे दहा मिनिटांत कळतं.

नीट मोजून, ताज्या ऑइलवर, लांबच्या रपेटीत हजार किलोमीटरला किती लागतं ते वहीत लिहा. काही कंपन्यांची मॅन्युअल हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतही चालेल म्हणतात. माझ्या मते हा आकडा कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलाय. दोन सिलिंडरच्या निरोगी इंजिनाला एवढं लागू नये. पण दोन-तीनशे मिलिलिटर लागत असेल आणि तो आकडा वाढत नसेल, तर एक लिटरचा डबा सोबत ठेवून निवांत प्रवास करता येतो. आकडा स्थिर आहे की चढतोय, तेवढं बघायचं. धूर केव्हा येतो त्याकडेही लक्ष द्या. रात्रभर उभी गाडी सुरू करताना एकदाच निळसर भपकारा, किंवा उतारावर थ्रॉटल बंद ठेवून पुन्हा पिळल्यावर भपकारा, हे व्हॉल्व्ह स्टेम सीलकडे (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलकडे) बोट दाखवतं. जोरात ओढताना सतत धूर असेल तर रिंगा किंवा सिलिंडर. पहिलं काम हेडपुरतं आहे, दुसऱ्यासाठी सिलिंडरपर्यंत जावं लागतं. तुमच्या मेकॅनिकने 'इंजिनचं काम' म्हणताना यातलं कोणतं म्हटलं, ते विचारलंत का?

खडखडीचं थोडक्यात. थंड इंजिनावर दोन-तीन सेकंद येऊन थांबणारा आवाज बहुतेकदा टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या आतल्या चेनचा असतो. ती ताणून धरणारा टेन्शनर हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा असेल तर उभ्या गाडीत त्यातलं ऑइल झिरपून जातं आणि दाब पोचेपर्यंत चेन सैल वाजते. गाडी आठवडाभर हलत नसेल तर जास्तच. सगळ्यात स्वस्त शक्यता आधी तपासा: ऑइल फिल्टर कोणता बसवलाय? स्पिन-ऑन (डब्यासारख्या, फिरवून बसवायच्या) फिल्टरमध्ये ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून रबरी झडप असते. हलक्या फिल्टरात ती नीट बसत नाही, फिल्टर रिकामा होतो आणि दाब यायला उशीर होतो. चांगला फिल्टर टाकूनही आवाज तसाच राहिला, लांबत गेला किंवा गरम इंजिनावर आयडललाही यायला लागला, तर टेन्शनर काढून बघायचा. पुष्कळ इंजिनांत तो बाहेरून निघतो, इंजिन उघडावं लागत नाही. त्याचा दांडा किती बाहेर आलाय त्यावरून चेन किती ताणली गेलीय त्याचा अंदाज येतो. मात्र हे काम क्रँक ठरल्या जागी लॉक करूनच करू द्या. चेन एक दात जरी उडाली तरी पहिल्या सेल्फला व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडू शकते, आणि मग खरोखरच इंजिनचं काम निघेल.

एका गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते: व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे बंद व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यामधली फट. शेवटचं कधी तपासलं? टुरिंग गाड्यांत ही तपासणी सर्रास टाळली जाते. टाकी, फेअरिंग, एअरबॉक्स, रेडिएटर असं सगळं सोडवल्याशिवाय हेडचं झाकण दिसत नाही, मग मालक म्हणतो, 'टॅपेटचा आवाज तर येत नाहीये.' तिथेच चूक होते. शिम (ही फट ठरवणाऱ्या छोट्या चकत्या) असलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो आणि क्लिअरन्स वाढण्याऐवजी कमी होतो. सैल व्हॉल्व्ह टकटक करतो. घट्ट झालेला गप्प असतो. घट्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमार्फत हेडमध्ये जात नाही आणि त्याची कड जळायला लागते, एक्झॉस्टची आधी. थंड असताना सुरू व्हायला त्रास, आयडल डळमळीत, पिकअप जरा मंद, अशी सुरुवात होते, आणि हे इतकं हळू होतं की रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही. आपण बोलतोय मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाबद्दल. यामाहाच्या एफजेआर १३०० सारख्या गाड्यांना ही तपासणी सुमारे ४० हजार किलोमीटरनंतर सांगितलेली असते, इतर कितीतरी गाड्यांना त्याच्या निम्म्या अंतरावर. ८६ हजारांत तुमची एकदाही झाली नसेल, तर या महिन्यातलं पहिलं मोठं काम ते. याला 'इंजिन उघडणं' म्हणत नाहीत. हेडचं झाकण निघतं, हेड जागेवरच राहतं.

मग मुद्द्याची चाचणी. इंजिन खोलण्याआधी लीकडाउन टेस्ट करून मागा. पिस्टन टॉप डेड सेंटरला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, आणि स्पार्क प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा सोडायची. किती टक्के गळते ते गेजवर दिसतं, आणि कुठून गळते ते कानाला कळतं. ऑइल टाकायच्या तोंडाशी सूं ऐकू आली तर रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअरबॉक्सकडून आली तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इंजिन गरम असताना करायची. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. वीसच्या आसपास म्हणजे वय दिसतंय, पण घाई नाही. तीसच्या पुढे गेलं तर कामाचा विचार करावा. दोन सिलिंडरांमध्ये मोठा फरक असणं हे दोन्ही सारखेच थोडे गळण्यापेक्षा वाईट. साध्या कॉम्प्रेशन टेस्टवर एकट्यावर विसंबू नका. बऱ्याच इंजिनांत सेल्फला सोपं जावं म्हणून सुरू करताना थोडा दाब सोडून देणारा डीकॉम्प्रेसर असतो, त्यामुळे आकडा मुळातच कमी येतो. आणि थ्रॉटल पूर्ण उघडायला विसरलं तर आणखी कमी. असा आकडा दाखवून निरोगी इंजिनं उघडली गेलीत. थर्मामीटर न लावता ऑपरेशनची तारीख घेण्यातला हा प्रकार.

याच सुमारास ऑइल बदलाल तेव्हा ड्रेन प्लगचं चुंबक बघा. करडी, मऊ पेस्ट असणं नेहमीचं. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असले तर गोष्ट वेगळी. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघायला मेकॅनिकला सांगा; न कुरकुरता हे करणारा मेकॅनिक सापडला तर त्याला धरून ठेवा. नवं ऑइल मोटरसायकलचंच हवं, ऑइलमध्ये बुडालेल्या म्हणजे ओल्या क्लचसाठीचं, जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए-२. कारच्या काही ऑइलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरायला लागतो.

आता मित्रांचा एक लाख किलोमीटरचा सल्ला. किंमतीपुरतं ते बरोबर आहेत; मीटरवर सहावा आकडा आला की गिऱ्हाईक बिचकतं. पण तुमची गाडी सर्वाधिक किंमत गमावून बसली ती पहिल्या काही वर्षांतच, तो तोटा केव्हाच होऊन गेलाय. उरलेल्या किमतीतले थोडे वाचवायला नवी गाडी घ्यायची आणि तिचा पहिल्या वर्षांचा तोटा पुन्हा अंगावर घ्यायचा, हे बचत म्हणून मला पटत नाही. नवी हवी असेल तर हवी म्हणून घ्या, त्यात काही गैर नाही. इंजिनाच्या बाबतीत तर एक लाख या आकड्याला तसा अर्थच नाही. एकसारख्या वेगाने, पूर्ण तापलेल्या ऑइलवर झालेले ८६ हजार हे थांबत-सुटत, अर्धवट तापलेल्या इंजिनाच्या तीस हजारांपेक्षा कमी झिजवणारे असू शकतात.

'या मॉडेलचं अमुक हमखास जातं' हे मित्रांकडून ऐकल्याचंही तुम्ही लिहिलंय. ज्याचं गेलं तो सांगत फिरतो, ज्याचं टिकलं तो काय सांगणार? शिवाय माहीत असलेला कमकुवतपणा हा मला वाईट वाटत नाही. हार्ली-डेव्हिडसनच्या १९९९ च्या मॉडेलपासून आलेल्या ट्विन कॅम इंजिनात कॅम चेनच्या (तिथल्या टायमिंग चेनच्या) टेन्शनरचे शू, म्हणजे चेनवर टेकणारे तुकडे, स्प्रिंगच्या दाबाने चेनला घासत आणि झिजत; त्यांचे कण ऑइल पंपापर्यंत जात. कंपनीने २००७ च्या मॉडेलांपर्यंत हायड्रॉलिक टेन्शनर आणले. जुन्या गाड्यांचे जाणते मालक ठरावीक अंतराने कव्हर काढून शू बघतात, झिजले की बदलतात आणि चालवत राहतात. होंडा गोल्डविंगचं नाव टिकाऊपणासाठी घेतलं जातं. पण २००१ च्या जीएल १८०० मध्ये चेन येईपर्यंत गोल्डविंगला टायमिंग बेल्ट होते, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. रबर किलोमीटर न मोजताही म्हातारं होतं. कमी चाललेली, झाकून ठेवलेली जुनी गोल्डविंग घेऊन बेल्ट न बदलता निघणारा माणूस जास्त चाललेल्या गाडीवाल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. तुमच्या मॉडेलचं जे 'जातं', ते जाण्याआधी कसं ओळखायचं आणि बदलायला किती वेळ लागतो, एवढं शोधून काढा.

विकण्याच्या बाजूनेही एक खरं कारण आहे आणि ते इंजिनात नाही. एबीएसचा मॉड्युलेटर (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग), मीटरचा डिस्प्ले, इंजिन कंट्रोलर, तुमच्या मॉडेलचे हे तीन भाग आजही नवे मिळतात का, चौकशी करा. पिस्टन-रिंगा, बेअरिंग, सील कुठून तरी मिळतात किंवा जुळवता येतात. बंद झालेल्या मॉडेलचा एबीएस मॉड्युलेटर मिळाला नाही तर धडधाकट इंजिनाची गाडीही अडून राहते. ते मिळत नसतील तर चालू स्थितीत, सगळं खरं सांगून आणि वहीतले आकडे दाखवून विकण्याचा विचार आत्ताच करावा. मोडीतल्या गाडीचं इंजिन बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर मी त्यापासून लांब राहीन. आपल्या इंजिनाचे ८६ हजार तरी आपल्याला ठाऊक आहेत.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मात्र मित्रांच्या सल्ल्याच्या रांगेत बसवू नका. त्यांनी जे अनुभवलं ते खरं आहे, आणि 'बॅटरी बदलली' हे त्यावरचं उत्तर नाही, हे त्यांनाही कळत असावं. त्यांना इंजिनाबद्दल पटवत बसण्याऐवजी विचारा की नेमकं काय नको आहे: ही गाडी, रात्रीचा प्रवास, की मदत येईल की नाही हे न कळता काढलेले ते चार तास? पंक्चर तर नव्या गाडीचंही होतं. त्रास शेवटच्या गोष्टीचा असेल तर अंधाराआधी मुक्काम, रस्त्यावरच्या मदतीची सोय आणि हँडलवरचा तो व्होल्टमीटर हे नव्या गाडीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि त्यांना आता मागे बसायचंच नसेल, तर तेही ऐकून घ्या. मग तुम्हाला एवढी मोठी टुरिंग गाडी कशासाठी हवी, हा प्रश्न आपोआप वेगळा होतो.

क्रम असा ठेवा. आधी चार्जिंग. मग ऑइल, फिल्टर आणि व्हॉल्व्ह. त्याच वेळी कूलंट, ब्रेक ऑइल आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी तारखेचा ठसा बघून घ्या, पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि पुढचे दोन आकडे वर्ष. नऊ वर्षांपूर्वीचेच टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, काढा. मग लीकडाउन. त्यानंतर एकट्याने दिवसभराची तीनशे-चारशे किलोमीटरची रपेट, पुढच्या आठवड्यात मुक्कामाची एक. काम झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी लांबच्या प्रवासाला निघू नका. नुकतंच सोडवून बसवलेलं काहीतरी ढिलं राहण्याची शक्यता पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सगळ्यात जास्त असते. रविवारची छोटी फेरी मात्र आजपासून बंद. गाडी काढाल तेव्हा किमान पाऊण तास सलग चालवा, नाहीतर बॅटरी टेंडरवर (बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या छोट्या चार्जरवर) लावून उभी ठेवा.

आकडे हाती आल्यावर कळवा: गरम इंजिनावरचं व्होल्टेज, हजार किलोमीटरचं ऑइल आणि दोन्ही सिलिंडरांचं लीकडाउन. एक्झॉस्टच्या बाजूने हवा गळत असली तर हेड काढावंच लागेल, आणि त्या वेळी सिलिंडरलाही हात लावायचा की नाही हे रिंगांच्या गळतीवर ठरेल, तेव्हा मेकॅनिकला पिस्टन-रिंगा आधीच मागवू देऊ नका.